ऑर्केस्ट्राला मानधन, भजनाला चहा

हिवाळ्यात तालुक्याच्या गावी महोत्सव भरतो. नाव दरवर्षी बदलतं, आराखडा ठरलेला. पहिल्या दिवशी उद्घाटन, मधे बचत गटांचे स्टॉल, आणि शेवटच्या रात्री नागपूर नाहीतर अमरावतीहून आलेला जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. मंडपात शिरताना एका बाजूला बैलगाडी, जातं, उखळ, कंदील असं सगळं मांडलेलं असतं आणि वर फलक लावलेला: ‘हरवलेलं गाव’. त्या बैलगाडीत बसून लोक फोटो काढतात. मंडपाशेजारच्या रस्त्यानं दहा-पंधरा मिनिटं गाडी हाणली की खरं गाव लागतं. ते कुठंही हरवलेलं नाही. त्याच रात्री तिथल्या मंदिरात खंजिरी वाजत असते. महोत्सवाला त्या भजनी मंडळाची आठवण येते ती फक्त पहिल्या दिवशी, पाहुण्यांना मिरवत मंडपापर्यंत आणायचं असतं तेव्हा. ऑर्केस्ट्राला मानधनाचा चेक मिळतो, भजनी मंडळाला चहा आणि जमलं तर एक श्रीफळ.

जुनी गाणी ऐकू नयेत, असं म्हणायला मी बसलेलो नाही. मीही ऐकतो, आणि आवाज वाढवून ऐकतो. पण ज्याचं त्यानं घरात बसून गतकाळात रमणं वेगळं आणि त्या रमण्यावर लोकवर्गणीचा, ग्रामपंचायतीचा, आमदार-खासदारांच्या शिफारशीनं आलेला पैसा खर्च होणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच की विदर्भातल्या खेड्यांत गाणं अजून जिवंत आहे, आणि आपण मात्र पैसा, मंच आणि कौतुक हे सगळं त्याच्या फोटोला हार घालण्यात घालवतो आहोत.

‘आमच्या टायमाले गाणे होते राजेहो, आता तं नुसता धिंगाणा हाय!’ हे वाक्य पारावर बसलेल्या कुणाच्याही तोंडी ऐकायला मिळतं. ज्या टायमाची ही गोष्ट चालली आहे, त्या टायमातल्या शहाण्यासुरत्या माणसांना ती गाणी कशी वाटत होती? १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी उथळ आहेत, त्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. मग लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज खरखरत, मधेच बुडत, पुन्हा वर येत आपल्या गावांपर्यंत पोहोचू लागला. सरकारला उमज पडायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली. म्हणजे आज महोत्सवात ‘सुवर्णकाळ’ म्हणून जे गायलं जातं, ते त्या सुवर्णकाळातच सरकारदरबारी टाकाऊ ठरलं होतं.

पेटीचं तर आणखी गमतीचं आहे. पेटीशिवाय आपल्याकडे भजन उभं राहत नाही. पण हे वाद्य मुळात युरोपातून आलेलं. त्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या संगीताला ते चालत नाही, अशी तक्रार होऊन १९४० मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. तीस वर्षं दिल्लीत पेटी बाटलेली होती आणि आमच्या हनुमानाच्या देवळात रोज रात्री वाजत होती. आज तिच्या जागी कुणी कीबोर्ड आणला तर तेच देवळातले म्हातारे ‘परंपरा बुडाली’ म्हणतात. परंपरेचं वय मोजायला बसलं की ते बहुधा बोलणाऱ्याच्या आजोबांपर्यंत जाऊन थांबतं.

आता त्या काळात ऐकत कोण होतं, हेही बघू. घरात रेडिओ ठेवायला लायसन लागायचं. पोस्टात जाऊन दरवर्षी त्याची फी भरावी लागे, आणि ही भानगड पुरती संपली ती ऐंशीच्या दशकात. त्यामुळे बऱ्याच गावांत बराच काळ रेडिओ म्हणजे पाटलाच्या, सावकाराच्या, नाहीतर मास्तरांच्या ओसरीवरची वस्तू होती. त्या ओसरीवर कोण बसायचं, पायरीवर कोण आणि रस्त्यावर उभं राहून कोण ऐकायचं, याचा हिशेब गावात न बोलता पक्का असायचा. बायकांच्या कानी गाणं पडायचं ते भाकरी थापता थापता, दोन भिंतींच्या पलीकडून. पुढे २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि ‘अख्खं गाव एका टीव्हीपुढं बसायचं’ ही आठवण जन्माला आली. खरी आहे ती. पण अख्ख्या गावात सतरंजीवर बसणारेही होते आणि खिडकीचे गज धरून उभे राहणारेही होते. आठवणी लिहितात ते बहुतेक सतरंजीवरचे.

खिडकीबाहेरच्यांच्या हाती गाणं आलं ते कॅसेटमुळे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात कोण पसंत पडतं यावर गाणाऱ्याचं नशीब ठरणं थांबलं. एसटी स्टँडजवळ एखादं दहा बाय दहाचं दुकान असायचं. आपण वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची. दुकानदार विचारायचा, ‘साठची का नव्वदची?’ साठच्या कॅसेटमध्ये एका बाजूला अर्धा तास. आठ दिवसांनी भरलेली कॅसेट हातात यायची आणि बाजूचं शेवटचं गाणं हमखास कडव्याच्या मधे तुटलेलं असायचं. त्या पिढीतल्या कित्येकांना काही गाणी अजूनही तेवढीच पाठ आहेत. (कायद्यानं ही चोरीच होती. आज मुलांना फुकट डाउनलोड करण्यावरून बोलणाऱ्या काकांनी आपली जुनी कॅसेटची पेटी एकदा उघडून बघावी.)

पण कॅसेटनं केलेलं मोठं काम वेगळंच होतं. आंबेडकरी कवी-गायक वामनदादा कर्डकांची गीतं तोवर मंचावरून आणि तोंडातोंडी पसरत होती. ती, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, कव्वालीच्या ढंगातली भीमगीतं, हे सगळं कॅसेटवर चढलं आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. तिथून ती थैलीत बसून चंद्रपूर-भंडाऱ्याच्या वस्त्यांत गेली, गडचिरोलीपर्यंत पोहोचली. चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीत भोंगा लावून आपलं गाणं आपल्या मशीनवर वाजवणं ही साधी करमणूक नव्हती. आता महोत्सवातल्या ऑर्केस्ट्राची यादी बघा. त्यात हिंदी सिनेमाची गाणी असतात, दोन-तीन भावगीतं, एखादी लावणी. भीमगीत नसतं. ते ‘जुन्या आठवणी’त बसत नाही म्हणे, ते जयंतीचं असतं. म्हणजे आठवणीही गावठाणाच्याच धरायच्या आणि वस्तीच्या सोडून द्यायच्या. हा निवाडा कुणी केला, कधी केला, माहीत नाही. पण तो दरवर्षी अमलात येतो.

डफड्याची गोष्ट याहून टोचणारी आहे. लग्नात डीजे आला आणि आपलं डफडं, सनई गेली म्हणून हळहळणारे लेख दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. डफडं वाजवणाऱ्यांच्या घरी जाऊन कुणी विचारलं आहे का? वाजवण्याचं काम जातीनं गळ्यात पडलेलं होतं. बोलावणं आलं की जायचं. मांडवाबाहेर उन्हात बसायचं, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर जेवायचं, वरून ‘वाजव रे जोरात’ ऐकून घ्यायचं. माझ्या ओळखीचा एक जण मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याचे वडील पंचक्रोशीत नावाजलेले वाजंत्री होते. त्यांनी पोराला डफड्याला हात लावू दिला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कला गेली हे खरं. पण तिच्यासोबत जे गेलं त्यासाठी कुणी रडू नये. डफडं परत हवं असेल तर आधी ते वाजवणाऱ्याला मांडवात खुर्ची द्यावी लागेल आणि ऑर्केस्ट्राच्या गायकाइतका चेक द्यावा लागेल. मग बघू किती पोरं हात लावायला तयार होतात.

जात्याचंही तसंच. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या अभ्यासकांनी गोळा करून ठेवल्या आहेत आणि ते काम थोर आहे, कारण त्यात बायकांनी कुणालाही न सांगितलेलं सगळं सांगून ठेवलं आहे. पण आमच्या गल्लीतल्या एका आजीपुढे मी ओव्यांचं कौतुक सुरू केलं तेव्हा त्या फिस्कारल्या, ‘गाणं गोड होतं म्हणते! पहाटे चार वाजता उठून पायलीभर ज्वारी दळून पाय, मंग सांगजो मले.’ गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी, त्यांच्या सांगण्यानुसार, बायकांनी गिरणीला हळदीकुंकू वाहिलं होतं. जातं दारामागं गेलं. त्यावरची ओवी मात्र त्या आजही म्हणतात, नातीला पाळण्यात झोके देताना. गाण्याला जात्याची गरज नव्हती. गरज होती ती ऐकणाऱ्याची.

आणि ज्या ऐंशीच्या दशकाची गाणी लागली की पन्नाशीतले लोक डोळे मिटून डोलतात, त्याच दशकात, १९ मार्च १९८६ ला, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको-मुलांसह जीवन संपवलं. दरवर्षी त्या तारखेला लोक अन्नत्याग करतात. गाणी गोड होती आणि कापसाचा चुकारा वेळेवर येत नव्हता, हे दोन्ही एकाच घरात घडत होतं. ‘तेव्हा माणसं सुखी होती’ हे वाक्य मला म्हणूनच पचत नाही. तेव्हा आपण पंधरा वर्षांचे होतो, कर्ज बापाच्या नावावर होतं.

एवढं बोलून झाल्यावरही, काहीतरी गेलं आहे ही जी चुटपुट लोकांच्या मनात आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. फक्त गेलेली वस्तू ओळखण्यात आपली गफलत होते. गाणी गेलेली नाहीत. ती सगळी फोनमध्ये आहेत, आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यापासून गुराख्याच्या खिशातही आहेत. एकत्र ऐकणं कमी झालं, आणि त्याहून जास्त, स्वतःच्या गळ्यानं म्हणणं कमी झालं. भुलाबाई बघा. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जायच्या, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायच्या, सासरच्या नावानं बोटं मोडून घ्यायच्या आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायच्या. यात श्रोता कुणीच नाही, सगळ्याच गाणाऱ्या. सूर लागला नाही तरी कुणी हसत नसे, कारण परीक्षक नव्हता. आता भुलाबाई शाळेच्या स्पर्धेत आली आहे. पाच पोरी नऊवारी नेसून माइकवर म्हणतात, बाकीच्या दोनशे टाळ्या वाजवतात. गाणं वाचलं, महिना गेला.

यामागं नव्या पिढीची बिघडलेली आवड नाही. संध्याकाळी घरोघर जायला गावात पोरी हव्यात. पटसंख्या नाही म्हणून वर्ग रिकामे, शिकलेलं घर तालुक्याला, कमावता पोरगा पुण्याला. कोरसला माणसंच उरली नाहीत, आणि आपण ‘रिमिक्सनं संस्कृती बुडवली’ म्हणत बसलो आहोत.

आता जे बुडालेलं नाही त्याबद्दल. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मैदानावर, जा. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तोरणाखाली पूर्वीइतक्या जोड्या लागत नाहीत, सगळं कबूल. पण झडत्या, म्हणजे पोळ्यात खड्या आवाजात म्हणायची कवनं, बंद झालेल्या नाहीत. एका बाजूनं कुणी तरी खड्या आवाजात झडती टाकतो, शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!’ झालं की दुसऱ्या बाजूनं तिला उत्तर येतं. या झडत्यांत आजोबांच्या वेळच्या काही असतात, पण टाळी आणि हशा मिळवतात त्या ताज्या: कापसाच्या भावावरच्या, सोयाबीनवरच्या, कर्जमाफीच्या यादीत नाव न आलेल्याच्या, पक्ष बदललेल्या पुढाऱ्याच्या. पुढारी समोर खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याला हसावं लागतं. इतका ताजा, इतका धीट काव्यप्रकार चालू असताना आपण वाङ्मयाच्या नावानं गावात कविसंमेलनाला कवी बाहेरून आणतो.

तिकडे पूर्वेला झाडीपट्टीत तर अख्खी रंगभूमी उभी आहे. धान निघालं, दिवाळी झाली, की मंडया, म्हणजे तिकडच्या जत्रा, सुरू होतात. वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. तिथून मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी जातात. धानाच्या रिकाम्या बांधीत, म्हणजे शेतात, मंच लागतो, लोक रात्री तणसावर येऊन बसतात आणि पहाटे उठतात. नाटकात गाणी असतात आणि ती तिथंच, पेटी-तबल्याच्या साथीनं, नट स्वतः गातात. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाच्या आठवणींचे कार्यक्रम होतात. इथे ते तिकीट लावून चालतं. २०२३ साली झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा विदर्भाबाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. ही रंगभूमी शुद्ध, सोवळी वगैरे अजिबात नाही. त्यात सिनेमाच्या चाली आहेत, भडक प्रवेश आहेत, मधेच घुसवलेला डान्स आहे. म्हणूनच ती टिकली. आणि तिनं स्वतःला कधी ‘हरवलेलं’ म्हणवून घेतलं नाही.

भजनाचंही तेच. तुकडोजी महाराजांना जाऊन १९६८ पासून इतकी वर्षं झाली, तरी मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली खंजिरी विदर्भातल्या असंख्य गावांत रोज सांजेला वाजते. हिवाळ्यात खंजिरी भजनाच्या स्पर्धा लागतात. पुरुषांच्या, महिलांच्या, बालगोपाळांच्या. बक्षिसं गावकऱ्यांनीच लावलेली: कुणी आजोबांच्या स्मरणार्थ, कुणी नोकरी लागली म्हणून. रात्रभर एकामागून एक मंडळं चढतात. समोर गोधड्या पांघरून माणसं असतात आणि पुढच्या रांगेतलं पोरगं मोबाइलवर सगळं शूट करत असतं. फोननं गाणं मारलं म्हणणाऱ्यांनी या पोराकडे बघावं.

‘मग काय डीजेचंही कौतुक करायचं?’ असं कुणी विचारेल. नाही. डीजेबद्दल माझी तक्रार आवाजाची आहे, चालीची नाही. छाती दडपून टाकणारा आवाज जुन्या गाण्याचा असला तरी वाईटच. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा चालत नाही. गंमत अशी की हाच नियम रात्रभर चालणाऱ्या नाटकालाही लागतो आणि भजनस्पर्धेलाही. वरातीचा डीजे अकरा वाजता बंद करायला कुणाची हिंमत होत नाही, कारण वरात वजनदार माणसाच्या घरची असते. तिथे अभिरुचीचं प्रवचन झोडून उपयोग नाही, ठाणेदाराला फोन करावा.

तेव्हा महोत्सव समित्यांना सांगायचं आहे ते खर्चाच्या भाषेतच सांगतो. ऑर्केस्ट्रा आणा, खुशाल आणा. पण तालुक्यातल्या गावांची भजनी मंडळं, झडत्या म्हणणारे, भीमगीतांचे गायक यांना शेवटच्या दिवशी मुख्य मंचावर, मुख्य वेळेला उभं करा आणि ऑर्केस्ट्राचा आकडा जाहीर करून त्यातला निम्मा तरी त्यांच्यात वाटा. कोपऱ्यातल्या बैलगाडीच्या सजावटीवर होणारा खर्च गावातल्या मंडळाची फाटलेली खंजिरी मढवायला आणि पेटी सुरात आणायला द्या. आणि शाळेतल्या पोरांना दिवाळीच्या सुटीत एक काम द्या: घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायांकडून भुलाबाईची गाणी, ओव्या, आखरावरच्या झडत्या फोनवर भरून आणायच्या. भरताना सुरुवातीलाच गाणारीला तिचं नाव, माहेर आणि हे गाणं कुणाकडून शिकली ते बोलायला सांगायचं, आणि ती ‘नाव नको बाप्पा’ म्हणाली तर नाव गाळायचं, गाणं नाही.